साहेबांच्या तारखेची शेवंती

आमच्या घरात ‘औषध’ हा शब्द माणसांसाठी फारसा वापरला जात नसे. माणसांना गोळी मिळायची, फारच झालं तर सायखेड्याच्या डॉक्टरांचं इंजेक्शन. औषध द्राक्षांना. वडील दारातून आत येऊन “औषध झालं का गं?” असं विचारायचे तेव्हा आजारी कोण, असा प्रश्न आईच्या मनात येत नसे, ती चुलीवरचं पातेलं उतरवून फवारणी करणाऱ्या गड्यांचा चहा ठेवायची. घराच्या तिन्ही अंगांना द्राक्षबाग होती. पंपाचं इंजिन भल्या सकाळी सुरू झालं की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी बारीक आवाजात थरथरायची. ते बंद पडलं की अचानक सगळं इतकं शांत व्हायचं की आई हमखास म्हणायची, “काय झालं?”

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचा वेलीवर विश्वास नव्हता. छाटणी झाली की काडीवर पेस्ट लावून ते तिचे डोळे फोडायचे. डोळे फुटून शेंडे पळायला लागले की वाढ रोखायचं औषध. घड आला की तो लांबवायला जी.ए. मणी फुगवायला पुन्हा जी.ए. स्वतःच्या मर्जीनं काही करायची मुभा आमच्या बागेत वेलीला नव्हती. आई एकदा म्हणाली, “तुमच्या वेलीपरास मी बरी. मी कधी उठायचं ते माझं मी ठरविते.” त्यावर नाना म्हणाले, “मग उद्या जरा लवकर ठरव. टँकरवाला येतोय.”

जी.ए. म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीला ढकलणारं औषध, चिमूटभर पांढरी पूड. ती इवल्याशा बाटलीत यायची आणि आईच्या पाटल्या असलेल्या डब्यात, लोखंडी कपाटात राहायची, कारण भावानं दोन्ही एकाच तोलाच्या होत्या. ती पाण्यात विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. म्हणून हंगामात आमच्या ओसरीला दवाखान्याचा वास यायचा. मग पेठ भागातल्या बाया यायच्या. प्रत्येकीच्या हातात एक प्लास्टिकचा मग. घडाखाली मग धरायचा, घड त्यात बुडवायचा, काढायचा, पुढच्या घडाकडं सरकायचं. आख्ख्या बागेत दिवसभर डुबुक डुबुक असा आवाज. आजही बादलीत मग पडल्याचा आवाज आला की मला द्राक्षं आठवतात. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती नळ दुरुस्त करून घ्यायला सांगते.

या घरात आत्या आली. नानांची थोरली बहीण. नाना तिला आक्का म्हणायचे आणि ती नानांना बाळ्या. पंचक्रोशीत ज्यांना ‘नानासाहेब’ म्हणत, त्यांना घरात कुणीतरी दिवसातून दहा वेळा ‘ए बाळ्या’ म्हणून हाक मारतंय, याचं आम्हा मुलांना फार समाधान वाटायचं. आत्या सटाण्याकडं दिलेली. पाटलोबा, म्हणजे तिचे यजमान, वारले, मूलबाळ नव्हतं, आणि दिरांनी तिच्याशी फार चांगलं वागायला सुरुवात केली तेव्हा तिनं ट्रंक भरली. “गोड बोलाया लागले म्हणजे निघायची वेळ शे,” असं तिनं आईला सांगितलं. ‘आहे’ऐवजी तिकडचा तो ‘शे’ तिच्या बोलण्यात कायम राहिला. तिच्या हातची कळण्याची भाकरी, म्हणजे उडीद घालून दळलेल्या पिठाची, जाड आणि खरपूस, आम्हाला आईच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा आवडायला लागली आणि आम्हाला ते लपवता आलं नाही. आई तेवढे दिवस ठेचा जरा जास्त तिखट करायची.

आत्याचे कपडे ट्रंकेतच राहिले. आईनं कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला होता. आत्यानं त्यात कधी काही ठेवलं नाही. ट्रंकेतून लुगडं काढायचं, वाळलं की घडी करून परत ट्रंकेत. माहेर म्हणजे चार दिवसांचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. धाकटे काका नाशकात होते, त्यांच्या दोन खोल्यांत तिला कधी ना कधी जावं लागेल अशी बोलणी मोठी माणसं आमच्यासमोर करत नसत, म्हणजे ती नक्की होत असणार.

विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांतली बाग म्हातारी होऊन काढून टाकली होती. जमीन वर्षभर तशीच राहणार होती. आत्यानं ती मागितली. नाशकातला एक डेकोरेशनवाला लग्नाच्या मांडवांसाठी पांढरी शेवंती दांडीसकट घेतो, हे तिनं कुठूनतरी काढलं होतं. दांडीसकट फूल विकायचं हे तेव्हा आमच्याकडं नवंच. शेवंती म्हणजे वेणीची नाहीतर देवाची, आणि विकायची ती पाटीत भरून. नाना हसले. पण जेवताना, आई वाढत असताना, आम्ही सगळे पंगतीला असताना म्हणाले, “घे. यंदा फूल चाललं तर ते वीस गुंठे तुझे, आक्का. तू पेर, तू विक. नाय चाललं तर माघात मी तिथं वेली लावणार.”

“ठीक शे,” आत्या म्हणाली आणि भाकरी मोडली.

शेवंतीचं मला तेव्हापासून कौतुक आहे. तिला दिवस लहान झालेला कळतो. दसऱ्याच्या सुमारास अंधार लांबायला लागला की ती वाढायचं थांबवते आणि कळ्या धरते. कुणी सांगावं लागत नाही. पुढं वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. आता पॉलिहाऊसमध्ये लोक दिवसाउजेडीच काळं कापड ओढून तिला रात्र झाल्याचं भासवतात आणि फूल हवं त्या आठवड्यात काढतात. नको असेल तेव्हा दिवे लावून जागी ठेवतात. निवृत्त झाल्यापासून माझे जे चार-दोन सत्कार झाले त्यांत मला अशी फुलं मिळाली. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली, सगळी एका उंचीची, एका वयाची. शाल देणाऱ्यांच्या भाषणांसारखीच. एकात आणि दुसऱ्यात फरक सांगता यायचा नाही.

आत्याच्या शेवंतीला कळ्या लागल्या आणि तालुक्यातल्या एका साहेबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. साहेब पुष्कळ संस्थांचे संस्थापक होते आणि उरलेल्यांचे अध्यक्ष. त्यांचा खरा जन्मदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजानं एक जून लिहून टाकलेला. पण एक जूनला उकाडा फार, त्यात मंत्री मिळत नाहीत. तेव्हा सत्कार समितीनं साहेबांचा वाढदिवस मार्गशीर्षाच्या सुरुवातीला घ्यायचं ठरवलं. समितीचे सचिव भाऊसाहेब जीपमधून आमच्याकडं आले, चहा घेतला, विहिरीपर्यंत चालत गेले आणि हात मागं बांधून म्हणाले, “नानासाहेब, ही तर नियतीची योजना. साहेबांच्या पाठीमागं संपूर्ण शुभ्र फुलांची भिंत. एक फूल इकडं तिकडं नको. साहेबांचं चारित्र्यच मूर्तिमंत.”

नानांनी तिथल्या तिथं शब्द दिला. भाऊसाहेबांनी व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत एक खुर्ची देऊ केली. नाना त्या संध्याकाळी दोनदा आरशासमोरून गेले.

“फूल कुणाचं शे, बाळ्या?” आत्यानं विचारलं.

“तुझंच. पण भाव बाजाराच्या वर देतील. आन् एवढ्या लोकांत चाललं म्हंजे चाललंच की. आनिक काय पायजे तुला?”

आत्याला हे पटलं. खोटं कशाला सांगू, आम्हा सगळ्यांनाच पटलं. कळ्या फुगत होत्या, तारीख बरोबर जुळत होती, आणि आत्या पहिल्यांदाच वाफ्यातून चालताना गुणगुणत होती.

मग मंत्र्यांना त्या दिवशी दुसरीकडं जायचं निघालं आणि साहेबांचा वाढदिवस पौषात गेला. कळ्यांना तोवर पांढरं टोक दिसायला लागलेलं. भाऊसाहेबांनी फोनवर विचारलं, “फुलांना थोडं थांबायला सांगता येईल ना?” असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या शेतकऱ्याला विचारला असता तर त्यानं फोन ठेवला असता. द्राक्षवाल्याला विचारला. नाना म्हणाले, “त्यात काय? औषध हाय.”

वाढ रोखायचं औषध घरात होतंच. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, घरातली एकुलती एक इंग्रजी वाचणारी. नानांनी डब्याबरोबरचं माहितीपत्रक माझ्यापुढं धरलं. मी वाचून म्हणाले, “नाना, हे वाढ थांबवतं. फूल थांबतं असं यात कुठं लिहिलेलं नाही.”

“वाढ थांबली तर फूल कुठनं येईल?”

“कळी आधीच धरलीये. ती आता येणारच. फार तर दोन-चार दिवस उशिरा.”

“मग दोनदा मारू,” नाना म्हणाले.

दोनदा मारलं. आणि मला मान्य करायला हवं, आठवडाभर नानांचा विजय झाला. पानं काळपट हिरवी झाली, दांड्या जाड आणि ठेंगण्या, अगदी तालमीत जाणाऱ्या पोरांसारख्या, आणि कळ्या आहे तिथंच बसल्या. आत्या वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून एकेका कळीकडं बघत होती. “बाळ्या, तुझं औषध ऐकतं रे,” ती म्हणाली. नानांनी कॉलर सारखी केली. त्या दिवशी आमच्या घरात दोन औषधांचं बारसं झालं: एक थांबायचं आणि दुसरं, म्हणजे जी.ए., चालायचं. आई म्हणाली, “हे थांबायचं जरा तुमच्या जिभेला पन लावा.”

पुढच्या सोमवारी भाऊसाहेब स्वतः आले. मंत्र्यांना मधलीच एक तारीख मोकळी झाली होती. साहेबांचा वाढदिवस पौषातून परत मार्गशीर्षात आला होता, आणि हातात फार थोडे दिवस होते. “फुलांना जरा लगबग करायला लावा,” असं म्हणून त्यांनी आत्याच्या हातची भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि गेले.

नाना कपाटाकडं वळले तेव्हा मी म्हणाले, “नाना, ही दोन औषधं एकमेकांना खोडतात. एक पाय बांधतं, दुसरं ढकलतं. आता जी.ए. दिलं तर फूल लवकर येईल की नाही सांगता येत नाही, पण मान लांबणार. घडाचा देठ लांबतो तशी.”

“लांबू दे की. दांडी आखूड झालीच हाय, भरून निघंल.”

“आक्काला विचारा,” आई म्हणाली.

वीस गुंठे आत्यासमोर होते, आणि खुर्ची नानांसमोर. शेवटी ती म्हणाली, “मार. पण जपून.”

जपून म्हणजे काय, हे द्राक्षवाल्यानं आपल्या पद्धतीनं ठरवलं. फवारलं तर औषध वाया जातं. बुडवलं तर थेंब वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीला स्पिरिटचा वास सुटला आणि पेठच्या बाया आपापला मग घेऊन शेवंतीच्या वाफ्यात उतरल्या. कमरेत वाकून एकेक दांडी तिरपी करायची, कळ्यांचा झुबका मगात बुडवायचा, झटकायचा, सोडायचा. त्यांतली एक, सोनाबाई, तिसऱ्या वाफ्यात उभी राहिली, हातातला मग डोक्यावर धरला आणि म्हणाली, “नाना, घड बुडवायचा ते माहीत हाय. पन फुलाला न्हाऊ घालाया पयल्यांदाच आले. साबन कुठं हाय?” सगळ्या बाया हसत सुटल्या. नाना पण हसले, पण काम थांबवू दिलं नाही. निम्मे वाफे झाले आणि बाटली संपली. दुसरी फोडायची तर द्राक्षांना कमी पडणार. तिथं नानांचं साहेबांवरचं प्रेम थांबलं.

चार दिवसांत माना निघाल्या. पोपटी, बारीक, मऊ माना, आणि टोकाला अर्धवट उघडलेलं फूल. निम्मे वाफे पैलवानांचे आणि निम्मे बगळ्यांचे. वारा आला की बगळ्यांकडची सगळी फुलं एकदम शेजारणीकडं वळायची, काहीतरी विचारल्यासारखी. आत्या तिथं उभी राहिली आणि तिनं एका फुलाची मान बोटावर घेतली. सोडली. ती पडली. “ही भिंतीत उभी राहायची नाय,” ती म्हणाली.

“काड्या बांधू,” नाना म्हणाले. “दोन रांगा करू. ठेंगणी पुढं, उंच मागं. फोटोत असंच असतं.”

आणि मग एका मंगळवारी भाऊसाहेबांचा फोन आला. आचारसंहिता लागण्याची शक्यता होती. वाढदिवस पुढं ढकलला होता. कधी, ते साहेब ठरवतील. फुलं तेवढी सांभाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात समितीची बैठक, नानांनी यावं. बुधवारी सकाळी नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या एस.टी.नं गेले.

आम्ही ओट्यावर भाजी निवडत होतो. विहिरीकडं आख्खं शेत पांढरं झालं होतं. आत्यानं हातातली जुडी खाली ठेवली. “तू शिकतीस ना? खरं सांग. आता थांबवता येतं का?”

“नाही आत्या. उमललेलं मिटवायचं औषध अजून निघालं नाही.”

“किती टिकंल?”

“ठेंगणी टिकतील आठवडाभर. लांब मानेची आज-उद्या.”

“साहेबाला जन्माला यायला सवड नाय,” ती म्हणाली. “फुलाला शे. विळा कुठं शे?”

आईनं भाजीची ताटली बाजूला सरकवली. मला वाटलं ती आता आत्याला अडवणार. नानांचा शब्द होता, खुर्ची होती, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला तोंड आईलाच द्यायचं होतं. आई उठली, आत गेली आणि दोन विळे घेऊन आली. “उद्या मार्गशीर्षातला गुरुवार हाय,” ती म्हणाली. “फुलाला गिऱ्हाईक आज. उद्या पूजा झाल्यावर कोन घेईल?”

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. “बाळ्या तुला बोलंल.”

“बोलू द्या. मला बोललेलं पचतं, आक्का, तुमचं वाया गेलेलं नाय बघवायचं.”

आम्ही तिघींनी आणि पेठच्या बायांनी दुपारपर्यंत शेत कापलं. ठेंगण्या दांड्यांच्या जुड्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, त्या डेकोरेशनवाल्याकडं. लांब मानेच्या फुलांना आत्यानं दांडीच ठेवली नाही. फूल तेवढं खुडलं आणि पाट्या भरल्या. मानेवरून खुडल्यावर मान लांब होती की आखूड, हे घटाला हार घालणारी कोण बाई विचारते? टेम्पोत पुढं आत्या बसली. ती आयुष्यात पहिल्यांदा नाशकाला काहीतरी विकायला निघाली होती आणि तिनं माझी वेणी ओढून मला सांगितलं, “तोंड नीट पुसलंय का बघ माझं.”

डेकोरेशनवाल्यानं जुड्या घेतल्या, पाट्या फुलबाजारात गेल्या. भाव बरा मिळाला. बराच म्हणते, कारण नंतर हा प्रसंग सांगताना आमच्या घरात तो दरवर्षी वाढत गेला आहे.

नाना संध्याकाळी आले ते विहिरीवरूनच. शर्टाची इस्त्री गेली होती. ओसरीवर उभे राहून म्हणाले, “आक्का, शेत कुठंय?”

“नाशकात.”

“मी शब्द दिला होता.”

“शब्द तुझा होता. फूल माझं होतं.”

“म्हंजे फूल चाललं नाय.” नानांचा आवाज चढला नव्हता, याचीच भीती वाटली. “मी काय बोललो होतो, सगळ्यांसमोर? चाललं तर. साहेबांकडं गेलंच नाय ते. नाय चाललं. माघात वेली.”

आत्याची भाकरी थापायची थांबली. परातीतल्या पिठावर तिचा पंजा तसाच होता. मला बोलायचं होतं, पण आई आधी बोलली, भाकरी उलटत, पाठ न वळवता.

“साहेबांचं नाव नव्हतं त्यात.”

“काय?”

“तुमी म्हनला, फूल चाललं तर. पंगतीत. मी आमटी वाढत होते. साहेब तवा जन्माला यायचे होते, त्यांची गोष्टच नव्हती. फूल बाजारात चाललं का नाय ते आक्काला विचारा.”

नाना आईकडं बघत राहिले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आपलं वाक्य कुणी जपून ठेवतंय अशी त्यांची कल्पना नसावी. ते आत गेले, शर्ट काढून खुंटीला लावला, जेवले. कळण्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. आत्याशी बोलले नाहीत. त्यानंतर कित्येक आठवडे बोलले नाहीत. “आक्काला म्हनावं पानी तापलंय,” असं आईला सांगायचे, आत्या समोर बसलेली असताना. आत्या आईला सांगायची, “बाळ्याला म्हण, ऐकलं मी.”

साहेबांचा सत्कार चैत्रात झाला. पाठीमागची भिंत प्लास्टिकच्या फुलांची होती, उंच-ठेंगणं काही नाही. नाना गेले होते, व्यासपीठावर नव्हते. त्यांना खुर्ची का मिळाली नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. इतकंच म्हणाले की भाषणं फार झाली आणि मंत्री आलेच नाहीत.

पण त्याआधी माघ आला. द्राक्षाच्या रोपांनी भरलेली ट्रॉली एका सकाळी बांधावर येऊन थांबली. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चालूच ठेवला आणि ओरडून विचारलं, “नाना, कुठं उतरवायची? विहिरीपाशीच ना?” आत्या विहिरीजवळच होती. शेवंतीच्या बुंध्यांतून सोडवलेले फुटवे तिनं ओल्या गोणपाटावर मांडले होते, आणि ती त्यांच्यापाशी नुसती उभी होती. नाना बांधावरून चालत आले. त्यांनी गोणपाटाकडं पाहिलं, एक फुटवा उचलून मुळं बघितली, परत ठेवला.

“वरच्या अंगाला,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “कांदा निघालाय तिथं.”

ट्रॉली वळून गेली. नाना आत्याकडं न बघता, विहिरीकडं बघत म्हणाले, “मोटर लावायची तर मला विचारून लाव. द्राक्षाचं पानी मोडायला नको.”

“विचारीन,” आत्या म्हणाली.

आणि पुढं ती होती तोवर तिनं एकदाही विचारलं नाही.